तुझ्यावाचून अडलं पाहिजे

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. जिमची वर्षाची फी भरलीस, ट्रेडमिलवर चढलीस, पंधरा मिनिटं झाली असतील म्हणून आकडा बघितलास तर सहाच झालेली. तेव्हापासून बुटांची पिशवी दाराआड टांगलेली. वर मला विचारतेस, "मावशी, माझ्यातच काही खोट आहे का?"

कसली खोट? एकाच जागी पळायचं, समोर भिंत बघायची, त्याचा कंटाळा नाही येणार तर काय येणार! व्यायाम का करायचा हे मी तुला सांगत बसणार नाही. तुमच्या घरात साखर आजीपासून चालत आलेली आहे आणि तू दिवसभर खुर्चीला चिकटलेली असतेस. ते सगळं तुला माहीत आहे. मला राग आला तो तुझ्या पुढच्या वाक्याचा. "काहीतरी मजेशीर सुचवा." झुंबा करून झाला, सायकल झाली, फोनवर मालिका लावून चालून झालं. मालिका संपली, चालणं संपलं. अगं, मजा शोधत फिरलीस तर दर महिन्याला नवीन मजा शोधावी लागेल. तू असं काहीतरी धर, की तू गेली नाहीस तर कुणाचं तरी अडेल. मजा त्याच्या मागून आपोआप येते.

आपल्या सोलापुरात हे सांगायला लागावं याचंच मला नवल वाटतं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक तू लहानपणापासून बघतेस. सात काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा. त्या काठीचा सराव आधी किती दिवस चालतो! पाठीला, मांड्यांना, दमाला केवढं काम! त्यातल्या एकाला विचार, कार्डिओ करतोस का. हसेल तुला. तो काठी पेलतो. कंटाळा आला म्हणून मध्येच कुठं ठेवून देता येते होय ती?

माझं म्हणशील तर मी शाळेत खो-खो खेळायचे. आठ जणी चौकोनांत बसलेल्या, एक तोंड इकडे, एक तिकडे. पाठीत खो बसला की उठायचं, जीव तोडून पळायचं, पुढचीला खो द्यायचा आणि तिच्या जागी बसायचं. छाती भात्यासारखी चाललेली, तोवर पुन्हा खो. थोडं पळणं, थोडं बसणं, पुन्हा पळणं, असा नऊ मिनिटांचा डाव. आता हेच इंटरव्हल ट्रेनिंग म्हणून पैसे देऊन शिकतात. आम्हाला दम मोजायला सवड नव्हती, पुढचीला वेळेत खो दिला नाही तर सगळ्या मिळून फाडून खायच्या. एक जण आली नाही तर डाव लागायचा नाही. अंगात कणकण असताना सुद्धा गेलेली आहे मी. आवडीनं गेले म्हणू, की त्या बाकीच्या आठजणींच्या भीतीनं? दोन्ही एकच होतं तेव्हा.

दहावीनंतर ते बंद झालं. कुणी ओरडून बंद केलं नाही. "आता मोठी झालीस, मैदानावर कशाला," एवढंच. गणपती जवळ आले की गल्लीत संध्याकाळी लेझीमचा सराव लागायचा. हलगी कडाडायची, आणि आम्ही मुली गॅलरीत उभ्या. ताफ्यात फक्त पोरं. मला सगळे डाव पाठ होते, दांडा कुठे आडवा करायचा, कुठे वाकायचं, कितव्या ठोक्याला साखळी खणकवायची, सगळं. हातात लेझीम मात्र आली नाही. आज मुलींचे ताफे मिरवणुकीत बघते तेव्हा बरं वाटतं, आणि जरा जळतं सुद्धा. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिला आणि पुरुष, दोन्ही भारतानं जिंकले, दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. मी टीव्हीपुढे रडले. घरच्यांना वाटलं, आनंदानं.

म्हणून तू "कंटाळा येतो" म्हणालीस की माझं डोकं फिरतं. तुला गॅलरीत कुणी उभं केलेलं नाही बाई. जा की!

आता कुठे जायचं ते. तुझ्या भागातल्या ताफ्यात मुली घेत असतील तर आधी तिथे विचार. गणपतीपुरतं का होईना, रोजचा तास-दीड तास घाम निघतो, आणि ओळीतली एक गैरहजर असली की सगळी ओळ वेडीवाकडी दिसते. ते नाही जमलं तर बॅडमिंटन, पण चौघींचं. दोघींचं नको. दोघींत एकमेकींना "आज राहू दे" म्हणणं फार सोपं असतं. चौथी आली नाही की तिघी रॅकेट हातात धरून उभ्या राहतात आणि तिच्या नावानं शंख करतात, ते चांगलं.

आमचं असंच चालतं. विजापूर रोडकडच्या आमच्या कॉलनीत मोकळी जागा आहे, तिथे विटेच्या तुकड्यानं रेघा मारलेल्या. जाळी एका बाजूला लिंबाच्या झाडाला, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पाइपाला बांधतो. शटल प्लॅस्टिकचं, पिसांचं वाऱ्यावर टिकत नाही. उन्हाळ्यात सहाच्या आत सुरू करायचं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, त्या दिवसांत आठनंतर पळायचं शहाणपण करू नकोस. पाणी आधी पी, तहान लागल्यावर नव्हे. छातीत दुखलं, गरगरलं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं, त्यात शूरपणा नाही.

आकडे तुला हवेच असणार, तुमची पिढी आकड्यांशिवाय जेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना आहेत. आठवड्याला मध्यम जोराचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटं, किंवा जोरकस ७५ ते १५०. आणि पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हवीतच अशी अट होती, ती त्यांनी काढून टाकली. जिना चढलीस तोही धरला जातो. जोर किती, हे कळायला घड्याळ लागत नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, म्हणजे जोरकस. आमच्यात शटल रेघेच्या आत पडलं की बाहेर, यावरून भांडता येतं तोवर मध्यम चाललंय असं आम्ही समजतो. संपलं आकड्यांचं.

तू म्हणशील, सिद्धेश्वर तलावाकाठी एकटी चालणारी माणसं नाहीत का? आहेत की, वर्षानुवर्षं चालतात, त्यांना त्यांचा एकांत लखलाभ. तुला एकांत मानवत असता तर ट्रेडमिलवरच मानवला असता.

माझ्या घरचे मला हट्टी म्हणतात. मुलानं मनगटावरचं घड्याळ पाठवलं, पावलं मोजणारं. ते कपाटात आहे. पावलं मोजून करू काय? घड्याळ माझ्या दारात येऊन बेल मारणार आहे का? गेल्या वर्षी नणंद राहायला आलेली असताना मी सकाळी चहाचं आधण ठेवून निघून गेले. "पाहुणे घरात आणि ही खेळायला," हे तिनं अजून सोडलेलं नाही. बोलू दे. चहा पूड-साखर घालून उकळायचाच राहिला होता, गॅस तिलाही लावता येतो. तिकडे तिघी उभ्या होत्या. त्यांतल्या एकीच्या गुडघ्याला पट्टा असतो, ती पट्टा बांधून आली होती. तिला काय सांगणार होते मी, नणंदेला चहा द्यायचाय? चाळीस वर्षं सगळ्यांचं माझ्यावाचून अडायचं ते स्वयंपाकघरात. आता मैदानावर अडतं. त्यात मला काही चुकीचं वाटत नाही, आणि तुझ्या आईला वाटलं तर तिला माझ्याकडे पाठव.

तर ऐक. आमच्यातली एक मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली आहे, दिवाळीपर्यंत येत नाही. मी बाकी दोघींना तुझं नाव सांगून टाकलंय. सोमवारी पावणेसहाला ये, रॅकेट माझ्याकडे जास्तीची आहे. ती दाराआडची बुटांची पिशवी तेवढी काढ, चपलेवर खेळू देत नाही आम्ही. आणि येणार नसशील तर मला कळवू नकोस, त्या दोघींना स्वतः फोन करून सांग. नंबर पाठवते.

तुझी,
मावशी