सीहॅमची काच : खरी कशी ओळखायची?

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला असते. तिने वाढदिवसाला निळ्या सी-ग्लासची, म्हणजे समुद्रात घासून गुळगुळीत झालेल्या काचेची कानातली पाठवली. ऑनलाइन घेतलेली आहेत, डबीवर 'सीहॅमची अस्सल काच' असं लिहिलंय; सीहॅम हे तिकडचंच समुद्रकिनाऱ्यावरचं गाव. पण दोन्ही तुकडे हुबेहूब सारखे दिसतात. काच खरी असेल का? आणि फुटक्या बाटलीच्या तुकड्याला लोक एवढे पैसे का मोजतात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. समुद्र दोन तुकडे एकाच मापाचे घडवत नाही. जुळणारी जोडी लावता येते, पण त्यासाठी ढीगभर काच निवडावी लागते. आणि तरीही कुठेतरी कड वेगळी पडतेच.

पाण्यात बुडवून बघू नका, त्याने काही कळत नाही. ओली झाली की खरी आणि यंत्रात घोटवलेली, दोन्ही चमकतात. काच कोरडी करा, उन्हात तिरपी धरा आणि भिंगातून पाहा. किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांवर आपटून आपटून खऱ्या काचेवर बारीक अर्धगोल खुणा उमटतात, इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराच्या. शिवाय काचेतला सोडा खाऱ्या पाण्यात हळूहळू निघून जातो, त्यामुळे पृष्ठभागावर असमान खड्डे पडतात. याला काही दशकं लागतात. यंत्रात फिरवलेली किंवा आम्लात बुडवलेली काच सगळीकडून सारखीच धुरकट, गुळगुळीत असते.

आता किमतीचं. सीहॅममध्ये जॉन कँडलिश यांचा बाटल्यांचा कारखाना 1853 मध्ये सुरू झाला आणि 1921 मध्ये बंद पडला. उरलेली, बिघडलेली काच थेट उत्तर समुद्रात ओतली जायची. म्हणजे आज हाती लागणारा तुकडा शंभर वर्षांहून जास्त काळ पाण्यात होता. पांढरा, तपकिरी, हिरवा रंग भरपूर मिळतो. कोबाल्टचा निळा कमी. लाल, नारिंगी क्वचितच. जांभळट छटेची काच मुळात बिनरंगी होती. ती नितळ दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत, आणि उन्हाने त्याचाच रंग चढला.

पण सीहॅमचं खरं वैभव म्हणजे बहुरंगी तुकडे. मी सीहॅमजवळच राहते. थंडीतलं वादळ ओसरलं की ओहोटीची वेळ बघून जाते. माझ्याकडे हरभऱ्याएवढा एक आहे : दुधी पांढऱ्यात निळी रेघ, तिच्या पोटात पिवळा ठिपका. तो कुणा कारागिराच्या हातच्या रंगीत काचेचा शिल्लक थेंब आहे, आणि आता तशी काच तिथे कुणीच ओतत नाही. माझ्या मते पैसे मोजायचे ते याचे. म्हणूनच यंत्रातली काच 'सीहॅमची' म्हणून विकणं मला फसवणूक वाटते. ती तिच्या खऱ्या नावाने विकली तर माझी काही हरकत नाही, दिसते ती सुंदरच.

मुलीला विक्रेत्याला एवढंच विचारायला सांगा : काच कोणत्या किनाऱ्यावर, कुणी वेचली, आणि आकार देण्यासाठी ती घासली आहे का? स्वतः वेचणारा माणूस यावर पानभर उत्तर लिहितो.