अमेरिकेत बेकायदा राहणाऱ्या स्थलांतरितांमुळे तिथल्या अर्थव्यवस्थेचा तोटा होतो की फायदा?

तुम्ही प्रश्नात दोन दावे दिलेत. एक म्हणजे 'हे लोक कर बुडवतात, शाळा-दवाखाने फुकट वापरतात आणि स्थानिकांच्या नोकऱ्या खातात'. दुसरा म्हणजे 'हे गेले तर अमेरिकेतली शेती आणि बांधकामं ठप्प होतील'. यातलं खरं कुठलं, असं तुम्ही विचारलंय.

मी टेक्सासमध्ये राहतो. वर्क व्हिसावर आलो आणि आपल्याकडच्या बहुतेकांसारखाच ग्रीनकार्डच्या रांगेत उभा आहे. रांग मोडून आलेल्यांचा ज्यांना राग येतो, त्यांच्यात माझे बरेच मित्र आहेत आणि तो राग मला कळतो. तरी हिशोब मांडायचा तर नीट मांडायला हवा. देश म्हणून अमेरिकेचा फायदाच होतो, असं माझं मत आहे. पण तो फायदा जातो एकाच्या खिशात आणि खर्च बसतो दुसऱ्याच्या माथी. शिवाय जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं या माणसांकडे राहण्या-काम करण्याच्या परवानगीचे कागद नसल्यामुळे होतं. नुसती माणसं आल्यामुळे होत नाही.

आधी करांचं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. इथे कर भरायच्या हंगामात कमी उत्पन्नाच्या लोकांना रिटर्न मोफत भरून देणारी केंद्रं चालतात आणि मी तिथे स्वयंसेवक म्हणून बसतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणारा एखादा माणूस समोर येतो. त्याच्या हातात मालकाने दिलेला डब्ल्यू-टू फॉर्म असतो. त्यावर वर्षभराचा पगार, कापून घेतलेला केंद्राचा आयकर, सोशल सिक्युरिटीचे (म्हणजे सरकारी पेन्शनचे) ६.२ टक्के, मेडिकेअरचे (म्हणजे म्हातारपणच्या सरकारी आरोग्यविम्याचे) १.४५ टक्के, सगळं छापलेलं असतं. फक्त फॉर्मवरचा सोशल सिक्युरिटी नंबर त्याचा नसतो. रिटर्न तो दुसऱ्याच नंबरावर भरतो. तो नऊ आकडी असतो, ९ ने सुरू होतो आणि आयकर खातं तो खास अशा लोकांसाठी देतं, कारण कर भरण्याची सक्ती कागद नसलेल्यालाही आहे. दोन नंबर जुळत नाहीत हे खात्याला दिसतं आणि तरी रिटर्न स्वीकारलं जातं.

मग त्या ६.२ टक्क्यांचं काय होतं? नाव आणि नंबर जुळत नसल्यामुळे ती कमाई कोणाच्याच खात्यावर चढत नाही, एका वेगळ्या नोंदीत पडून राहते. पैसा मात्र पेन्शन फंडात जातो. म्हातारपणी हा माणूस त्यावर हक्क सांगू शकत नाही. सोशल सिक्युरिटीच्या मुख्य विमागणितज्ञांनी २०१३ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, २०१० या एका वर्षात अशा कामगारांमुळे फंडात निव्वळ १२ अब्ज डॉलरची भर पडली होती. अलीकडचा आकडा एका करधोरण अभ्याससंस्थेचा आहे. २०२२ मध्ये कागद नसलेल्यांनी केंद्र, राज्य आणि स्थानिक मिळून ९६.७ अब्ज डॉलर कर भरला आणि त्यातले २५.७ अब्ज एकट्या सोशल सिक्युरिटीचे होते. सगळेच भरतात असं मात्र नाही. रोख मजुरीवर राबणाऱ्यांचा पगारावरचा कर बुडतोच. पण तो बुडवण्यात मालकाचाही तेवढाच वाटा असतो, कारण त्याच्या हिश्श्याचे ६.२ टक्केही वाचतात. विक्रीकर तर कोणालाच चुकत नाही आणि घरभाड्यातून घरमालकाची घरपट्टीही शेवटी भाडेकरूच भरतो.

फुकट काय मिळतं? फूड स्टॅम्प, म्हणजे धान्यासाठीची सरकारी मदत, नाही; गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, म्हणजे साधा मेडिकेड, नाही, कमी पगाराच्या कामगारांना मिळणारी करसवलतही नाही. दोन मोठ्या गोष्टी मात्र मिळतात. पहिली शाळा. टेक्सासने १९७५ मध्ये कायदा करून अशा मुलांसाठीचा सरकारी पैसा बंद केला होता. पुढे टायलर गावच्या शाळांनी एका मुलामागे वर्षाला हजार डॉलर फी मागायला सुरुवात केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की मुलांना शाळेबाहेर ठेवता येणार नाही. दुसरी गोष्ट तातडीचे उपचार. १९८६ च्या कायद्याने रुग्णालयाच्या इमर्जन्सीत आलेल्या माणसाला, पैसे असोत-नसोत, कागद असोत-नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते.

खरी मेख इथे आहे. आयकर आणि सोशल सिक्युरिटीचा पैसा जातो वॉशिंग्टनला. शाळा चालवतो स्थानिक शाळा-जिल्हा, म्हणजे फक्त शाळांसाठीची स्थानिक संस्था, आणि दवाखान्याचं थकलेलं बिल पडतं काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या, अंगावर. टेक्सासच्याच कॉम्प्ट्रोलरने, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या हिशोबप्रमुखाने, २००६ मध्ये हा हिशोब मांडला होता. २००५ च्या आर्थिक वर्षात राज्यात असे सुमारे १४ लाख लोक होते. ते नसते तर राज्याच्या अर्थव्यवस्थेतलं एकूण उत्पादन १७.७ अब्ज डॉलरनी कमी झालं असतं. त्यांच्याकडून राज्याच्या तिजोरीत आले १.५८ अब्ज आणि राज्याने त्यांच्यावर खर्च केले १.१६ अब्ज. इथवर फायदाच फायदा. पण त्याच अहवालात पुढे आहे, की दवाखान्यांची न भरलेली बिलं आणि पोलीस-तुरुंगाचा खर्च मिळून १.४४ अब्ज डॉलरचा भार स्थानिक संस्थांवर पडला आणि राज्याने तो उचलला नाही.

आकडे जुने असले तरी घडी तीच आहे. अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २०२४ मध्ये सांगितलं, की २०२१ नंतर वाढलेल्या स्थलांतरामुळे २०२४ ते २०३४ या काळात केंद्राची तूट ९०० अब्ज डॉलरनी कमी होईल. त्याच कार्यालयाने पुढच्या वर्षी हिशोब दिला, की याच लोकांमुळे राज्यं आणि स्थानिक संस्थांना २०२३ या एका वर्षात ९.२ अब्जांचा निव्वळ भुर्दंड पडला. म्हणून सीमेजवळच्या एखाद्या काउंटीतला घरपट्टी भरणारा माणूस 'आमच्यावर बोजा पडतोय' म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला वंशद्वेषी ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. केंद्राने आपल्या नफ्यातला हिस्सा त्याच्या काउंटीला द्यायला हवा होता. तो दिला जात नाही, ही त्याची तक्रार रास्त आहे.

न्यूयॉर्कचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. २०२२ पासून तिथे दोन लाखांहून जास्त लोक आले. त्यातले बरेच आश्रय मागणारे होते, म्हणजे सरळ 'बेकायदा' म्हणता येणार नाहीत असे. शहराला त्यांच्या निवाऱ्यावर अब्जावधी डॉलर घालावे लागले. पण कायदाच असा, की आश्रयाचा अर्ज केल्यावर १५० दिवस कामाच्या परवान्यासाठी साधा अर्जसुद्धा करता येत नाही आणि १८० दिवसांआधी परवाना मिळत नाही. धडधाकट माणसं, काम करायला तयार, शहरात हॉटेलांना माणसं हवीत आणि कायदा त्यांना हात बांधून बसवणार. मग खर्च होणार नाही तर काय!

आता नोकऱ्या आणि मजुरी. इथे अर्थतज्ज्ञांमध्येच जुंपलेली आहे आणि ती भांडणं वाचण्यासारखी आहेत. १९८० मध्ये क्युबाच्या मारिएल बंदरातून काही महिन्यांत सव्वा लाख माणसं बोटींनी फ्लोरिडात आली. मायामीतला कामगारवर्ग एकदम सुमारे ७ टक्क्यांनी वाढला. (त्यांना सरकारने येऊ दिलं होतं, तरी वादात हेच उदाहरण सारखं येतं.) डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवलं, की स्थानिक कमी शिकलेल्यांच्या मजुरीवर याचा फारसा परिणाम झालाच नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी तोच काळ पुन्हा तपासला. ते स्वतः लहानपणी क्युबातून आलेले. त्यांनी शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांचाच गट वेगळा काढला आणि म्हटलं, यांची मजुरी १० ते ३० टक्क्यांनी पडली. त्यावर मायकेल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी बोट ठेवलं, की त्याच सुमारास सर्वेक्षणाच्या नमुन्यात कमी कमावणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण वाढलं होतं, त्यामुळे घसरण होती त्यापेक्षा मोठी दिसते.

हे सगळं वाचून माझं मत असं झालंय, की सरसकट नोकऱ्या जात नाहीत, पण सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाला झळ बसू शकते. ती नाकारणारे बहुतेक वेळा माझ्यासारखे असतात, ज्यांच्या कामासाठी या लोकांशी स्पर्धाच नसते.

उलटा प्रयोगही होऊन गेलाय. १९४२ पासून अमेरिकेत ब्रासेरो योजनेखाली मेक्सिकन शेतमजूर कायदेशीर करारावर येत. स्थानिक मजुरांचे पगार वाढावेत म्हणून १९६४ च्या अखेरीस ती योजना बंद केली. पगार काही वाढले नाहीत. कॅलिफोर्नियाच्या टोमॅटोवाल्यांनी तोडणीची यंत्रं आणली आणि यंत्राला सोसेल असं जाड सालीचं वाण लावलं. ज्या पिकांना यंत्र नव्हतं, त्यांचा पेराच काही ठिकाणी घटला. जॉर्जिया राज्याने २०११ मध्ये कडक कायदा केला, तेव्हा मजूर भीतीने निघून गेले आणि माल शेतात राहू लागला. राज्यपालांनी प्रोबेशनवरच्या, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर असलेल्या, गुन्हेगारांना तोडणीला पाठवायचा तोडगा काढला. त्यातले बरेच जण उन्हात अर्धा दिवसही टिकले नाहीत. शेतमजूर, पॅकिंगवाला, ट्रकवाला, व्यापारी अशी साखळी असते. पहिली कडी तुटली की पुढच्या कड्यांवरच्या स्थानिकांचंही काम जातं.

म्हणून मला 'किती आले' यापेक्षा 'कुठल्या अटीवर राबतायत' हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कागद नसलेल्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो. ओव्हरटाइम दिला नाही तरी तक्रार नाही, शिडीवरून पडला तरी तक्रार नाही. कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्याने युनियनच्या कामात पुढे असलेल्या कामगारांना काढलं. त्यातल्या एकाकडे खरे कागद नव्हते. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चारने ठरवलं, की काढणं बेकायदा असलं तरी त्याला बुडालेला पगार मिळणार नाही. आता मालकाच्या बाजूने विचार करा. दोन कामगारांपैकी एकाला छळलं तर भरपाई द्यावी लागते, दुसऱ्याला छळलं तर लागत नाही. तो कोणाला कामावर ठेवेल? आणि त्याच्या शेजारी उभा असलेला स्थानिक कामगार पगारवाढ कुठल्या तोंडाने मागेल? मजुरी पडते ती या दरीमुळे.

याचा पुरावाही आहे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की नुसत्या कागदामुळे त्यांची मजुरी ६ टक्क्यांच्या आसपास वाढली. माणूस तोच, हात तेच. त्याच कायद्याने मालकांनाही पहिल्यांदाच दंड लावला, पण 'जाणूनबुजून' कामावर ठेवलं तरच. कागद वरवर खरे दिसले की मालकाची जबाबदारी संपली. मधे एखादा ठेकेदार घातला की तेवढंही बघायला नको. धाड पडली की मजुराला बेड्या पडतात आणि काही दिवसांनी तिथे दुसरे मजूर येतात. या वादातली मला सगळ्यात संताप आणणारी गोष्ट ही आहे.

राहिला रांगेचा मुद्दा. माझ्यासाठी निदान रांग आहे, कितीही लांब असली तरी. न शिकलेल्या मजुराला कायमचं बोलावून घेण्यासाठी जो ग्रीनकार्डचा गट आहे, त्यात साऱ्या जगासाठी वर्षाला जास्तीत जास्त १०,००० जागा, त्याही बायकामुलं धरून. शेतीचा एच-टू-ए व्हिसा फक्त हंगामी कामाला मिळतो. गायी तर वर्षभर दूध देतात, त्यामुळे दुग्धव्यवसायाला तो जवळजवळ निरुपयोगी. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला अमेरिकी लष्करी विमानाने १०४ भारतीय परत पाठवले, त्यात महाराष्ट्रातलेही काही होते. त्यांनी एजंटांना लाखो रुपये मोजले म्हणून आपल्याकडे त्यांना मूर्ख म्हणणारे खूप निघाले. पण तिकडे काम होतं आणि ते द्यायला मालक तयार होते, म्हणूनच एजंटांचा धंदा चालत होता.

मला विचाराल तर वर्षभराच्या कामासाठी खरा व्हिसा द्यावा आणि तो एकाच मालकाला बांधलेला नसावा. कामगार कायदे कागद न बघता लागू करावेत, म्हणजे स्वस्तात पिळून घ्यायचा मोह संपेल. केंद्राच्या तिजोरीत येणाऱ्या जादा पैशातून शाळा-जिल्ह्यांना आणि काउंटीच्या दवाखान्यांना ठरलेला वाटा द्यावा. सीमेवर बंदोबस्त हवा, याबद्दल माझा वाद नाही. पण एप्रिल २०२५ मध्ये आयकर खात्याने गृहसुरक्षा खात्याला, म्हणजे धाडी घालून परत पाठवणाऱ्या खात्याला, या लोकांची माहिती द्यायचा करार केला, तो मला निव्वळ आत्मघातकी वाटतो. जो माणूस स्वतःहून रिटर्न भरायला येत होता, त्याला रोखीच्या मजुरीकडे ढकलायचा याहून सोपा मार्ग नाही. तसं झालं तर 'हे लोक कर बुडवतात' हा आज बराचसा खोटा असलेला आरोप उद्या खरा ठरेल.