पी०५४० कोड आलाय, मुंबईत एअर हीटर लगेच बदलावा का?

लगेच नको. पी०५४० हा गाडीच्या कॉम्प्युटरने दिलेला फॉल्ट कोड आहे: इनटेक एअर हीटरच्या, म्हणजे थंडीत इंजिनात जाणारी हवा तापवणाऱ्या हीटरच्या, सर्किटमध्ये बिघाड. हीटरच जळालाय असं त्यातून ठरत नाही. मुंबईच्या हवेत या हीटरची गरज क्वचितच पडते, त्यामुळे डिझेल गाडी नीट स्टार्ट होतेय आणि फक्त चेक लाइट लागलाय, हे अगदी शक्य आहे.

आधी बॅटरी, मग मोठा फ्यूज बघा. त्यानंतर रिलेची, म्हणजे हीटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची, टर्मिनल्स उघडून नीट निरखा. पावसात तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर तिथे हिरवट बुरशीसारखा थर सापडतो, आणि बरेचदा दोष तोच असतो. इंजिनाची अर्थ वायरही हलवून बघा.

हीटरचा रेझिस्टन्स एक ओहमपेक्षाही कमी असतो, साध्या मल्टिमीटरवर तो भरवशाने मोजता येत नाही. मेकॅनिकला स्कॅनरवरून हीटर चालू करायला सांगा आणि क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) लावा. हीटरपर्यंत बारा व्होल्टच्या आसपास पोचतायत पण करंट शून्य, आणि अर्थ ठीक आहे, तरच हीटर बदला.

एक मात्र टाळू नका: चावी काढल्यावरही हीटर गरम राहत असेल तर रिले चिकटलाय. बॅटरी उतरेल, आगीचाही धोका आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर ताबडतोब काढा.