देवराईतली राई कोणती?

एका वाचकाचा प्रश्न आहे: देवराईतली, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातली ‘राई’ म्हणजे फोडणीतली मोहरी का? आणि तळकोकणात देवराईलाच ‘देवरहाटी’ का म्हणतात?

मोहरीला इथून रजा द्या. ती राई ‘राजिका’वरून आली. झाडांची राई ‘राजि’वरून, म्हणजे ओळ. वनराजीतली राजी तीच, आमराईतली राईही तीच. गंमत म्हणजे देवराईत ओळ कुठेच नसते. आमराई कुणीतरी लावलेली असते. देवराई नुसती न तोडलेली.

‘रहाटी’चा धागा मला जास्त आवडतो. जुन्या मराठीत राहाटणे म्हणजे वागणे, राहाटी म्हणजे रीत, वहिवाट. सिंधुदुर्गात गावातले मानपान, देवकार्यं, कुणी आधी गाऱ्हाणं घालायचं, या सगळ्याला अजूनही ‘गावरहाटी’ म्हणतात. देवरहाटी तिचीच बहीण असावी, असं माझं मत. म्हणजे एका नावात झाडं आहेत, दुसऱ्यात त्यांच्याशी वागायची रीत.

बोलताना लोक बहुधा समास सोडवूनच बोलतात: ‘देवाची राई’, ‘काळकाईचं रान’. ही षष्ठी नुसती भक्तीची नाही, सातबाऱ्यासारखी आहे. रान देवाचं, तर फांदी तोडायलाही मालकाला विचारायला हवं. मग गुरव देवाला कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावणार; उजवीकडची पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार. उजवा मिळाला तर तोड, डावा मिळाला तर कोयती म्यानात. काही रायांत तर पडलेलं लाकूडही उचलत नाहीत. गोव्यात सत्तरीतल्या बांबरची ‘निरंकाराची राय’ पाहा. रानजायफळाच्या कुळातली झाडं चिखलपाण्यात उभी, मुळं गुडघ्यासारखी वर आलेली. असं पाणथळ जंगल आता फार थोड्या ठिकाणी उरलंय, आणि इथे मालकाचं नाव पाटीवर नाही, जागेच्या नावातच आहे.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांच्या नोंदी केल्या; ‘देवराई’ हा शब्द शहरी मराठीत रुळायला त्याचा हातभार लागला असावा. सरकारी छापाचं ‘पवित्र वन’ मात्र मला खटकतं. वन म्हटलं की मालक वनखातं वाटतं, आणि ‘पवित्र’ला कौल लावता येत नाही.

हल्ली दुसऱ्याच शब्दाची धास्ती वाटते: जीर्णोद्धार. एका गावात कौलारू देवळाच्या जागी स्लॅब आला, खर्चासाठी राईतले जुने वृक्ष विकले. गारंबीचा वेल ज्यांवर चढला होता तेही गेले. हातभर शेंगा ओट्यावर वाळत पडल्या होत्या. देवाला विचारलंत का, म्हटलं. गुरव म्हणाला, “कौल दिल्यान ना! उजवो.”