पंधरा वर्षांची मुलगी मराठीत उत्तरच देत नाही, काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी न्यू जर्सीत वाढतेय, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देते, रविवारच्या मराठी शाळेला जायचं नाही म्हणते, तर दोन्ही संस्कृती सांभाळायला तिला कसं शिकवू. मी तिच्या बाजूने बोलतो, कारण मीही तसलंच कार्टं होतो. 2005 ला सात वर्षांचा असताना सांगलीहून न्यू जर्सीतल्याच एडिसनला आलो.

ती मराठी विसरली नाहीये हो, तिला लाज वाटत असणार. माझी मराठी सात वर्षांच्या पोराचीच राहिली होती, घरात सगळ्यांना अरेतुरे, अहोजाहो करायची वेळच कधी आली नाही. तेरा वर्षांचा असताना सांगलीला गेलो आणि आजोबांच्या मित्राला, पंच्याहत्तरीच्या माणसाला, म्हणालो "तू बस ना इथे". अख्खं घर हसलं, कौतुकानेच हसलं, पण पुढचे तीन आठवडे मी हो-नाही वर काढले आणि वर मावशी सगळ्यांना सांगत फिरली की याला मराठी येत नाही.

आणि इथे तरी मराठी कुठे कानावर पडते? एडिसनच्या ओक ट्री रोडवर, म्हणजे आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, भाजीपासून सोन्यापर्यंत सगळं मिळतं पण ऐकू येते गुजराती, हिंदी, तेलुगू. मराठी फक्त घरात, आणि घरात तरी कशाला, तर अभ्यास झाला का, फोन ठेव, कुठे चाललास, लोकांच्या घरी झोपायला कशाला जायचं. मजा सगळी इंग्लिशमध्ये आणि बोलणी खायची मराठीत, मग पोरगं कुठली भाषा टाळेल सांगा.

अजून एक, जे आमच्याकडे कोणी बोलायचंच नाही, ते म्हणजे व्हिसा. मी एच-4 वर होतो, म्हणजे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या बायकामुलांना मिळतो त्या व्हिसावर. सोळाव्या वर्षी मित्र उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागले, मला कामाची परवानगी नाही, सोशल सिक्युरिटी नंबरही नाही, आणि का नाही ते मित्रांना सांगताही येईना. घरी ऐकायचं "तू अगदी अमेरिकन झालायस" आणि त्याच अमेरिकेच्या लेखी 21 पूर्ण झाले की मी आईबाबांच्या व्हिसावरसुद्धा राहू शकत नव्हतो, शेवटी एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, जावं लागलं (ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम राहायच्या परवानगीची, आपली लांबलचक रांग तुम्हाला माहितीच असेल, दरवर्षीच्या कार्डांत एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा). बाबांनी हे सांगितलं अकरावीत, तेही कॉलेजच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना आला म्हणून. मी त्यांच्यावर खूप चिडलो होतो. तुम्ही एच-1बी वर असाल तर आत्ताच तिला बसवून सगळं सांगा, पंधराव्या वर्षी कळतं सगळं.

माझी मराठी परत आली ती आजीमुळे. 2014 च्या हिवाळ्यात ती सहा महिने आली होती, बर्फामुळे शाळा बंद असली की आम्ही दिवसभर झब्बू खेळायचो, ती सरळसरळ चीटिंग करायची. मग एकदा तिची दाढ दुखायला लागली आणि डेंटिस्टकडे दुभाषी म्हणून मी. ती म्हणाली ठणकतेय. मी म्हटलं म्हणजे दुखतेय ना? "नाही रे, दुखणं वेगळं, ठणकणं वेगळं, कळ मारणं अजून वेगळं." तिथे डेंटिस्टसमोर दहा मिनिटं हा मराठीचा तास चालला आणि पहिल्यांदाच माझ्या मराठीवाचून कोणाचं तरी अडलं होतं.

शाळेला थोडे दिवस नाही गेली तर नको जाऊ दे. पाहुण्यांसमोर "श्लोक म्हणून दाखव" हे मात्र प्लीज बंद करा. आणि तिने आजीशी व्हिडिओ कॉलवर काहीही चुकीचं बोललं, माझा भाजी म्हणाली, काकांना तू म्हणाली, तर हसू नका आणि मध्ये पडून दुरुस्तही करू नका, तिची आजी बघून घेईल. मी आता ऑफिसातल्या पुण्याच्या लोकांना बरोबर अहोजाहो करतो. आजीला अजून अगं तूच म्हणतो, ते तिने कधी बदलू दिलं नाही.