सहलीची चिठ्ठी आणि शाळेतली प्रार्थना

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यात असतो. नात तिथल्या चार्टर शाळेत चौथीत आहे. फी नाही, हे छान; पण प्रार्थनाही नाही! सूनबाई म्हणते, चर्चला अशीच शाळा काढायची होती, ती कोर्टानं अडवली. देवाचं नाव घेऊन कुणी बिघडतं का हो? आम्ही तर 'शुभं करोति' म्हणतच मोठे झालो.
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, 'शुभं करोति' तुम्ही शाळेत म्हणत होता की तिन्हीसांजेला घरी, देवापुढे? मग नातीचं काही बुडालेलं नाही. फोनवरून म्हणून घ्या. आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा तिथे सकाळची शाळेची गडबड असते, तेवढं सांभाळा.

चार्टर शाळा चालवते खाजगी मंडळी, पण पैसा सरकारचा आणि परवानाही सरकारचाच. असा पहिला कायदा मिनेसोटात 1991 साली झाला. ओक्लाहोमात 2023 मध्ये एका कॅथलिक ऑनलाइन शाळेला परवाना मिळाला, तेव्हा राज्याचेच अॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील, कोर्टात गेले. शाळेचं म्हणणं, आम्ही खाजगी संस्था. इतरांना देता आणि धर्मामुळे आम्हालाच नाकारता, हा अन्याय. मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये ठरवलं, की चार्टर शाळा ही सरकारी शाळाच, म्हणून ती धार्मिक असू शकत नाही. पुढे मे 2025 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात एक न्यायाधीश बाजूला राहिल्या नि मतं पडली चार विरुद्ध चार. खालचा निकाल कायम राहिला, पण फक्त ओक्लाहोमापुरता. दुसऱ्या राज्यातून हे भांडण पुन्हा वर जाऊ शकतं.

आणि आपल्याकडे काय वेगळं आहे? राज्यघटनेचं कलम 28 म्हणतं, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. अनुदानित शाळेत मुलाला अशा शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवायचं, तर त्याच्या पालकांची संमती हवी.

ही संमती मी कधी पाहिली नाही. इंदुरातल्या एका अनुदानित शाळेत माझी सव्वीस वर्षं गेली. मांडूच्या सहलीला वडिलांच्या सहीची चिठ्ठी नसेल तर मी पोराला बसच्या पायरीवरून खाली उतरवत असे. एकीनं सही स्वतःच ठोकून आणली होती, 'वडील' शब्दातली वेलांटी चुकली म्हणून सापडली! रोजच्या प्रार्थनेसाठी मात्र एकाही घरी चिठ्ठी गेली नाही. तिसऱ्या रांगेत एक मुलगी हात जोडून, ओठ मिटून उभी राहायची. मी जवळ जाऊन पट्टीनं खांद्याला टोचायची, "मोठ्यानं!" ती का गप्प असते, हे घरी विचारावं असं मला एकदाही वाटलं नाही. सहलीचं मात्र सगळं चोख.

तुमच्या नातीनं डबा उघडताना 'वदनी कवळ घेता' म्हटलं, तर तिला तिथेही कुणी अडवणार नाही. बाईंनी ते अख्ख्या वर्गाकडून म्हणून घ्यायचं नाही, एवढंच; तिथल्या सरकारी शाळांना ही मनाई 1962 पासून आहे.