पोरगं पाळक व्हायचं म्हणते, पोट भरेल काय?

भाऊ, सलाम. तुमचं पत्र दोनदा वाचलं. दारव्हा तालुका, पाच एकर कोरडवाहू, मुलगा बी.एससी. सेकंड इयरला, आणि नाताळच्या उपासनेवरून घरी आल्यावर त्यानं जाहीर केलं की कॉलेज सोडतो, बायबल कॉलेजला जातो, पाळक (चर्चचा धर्मगुरू) होतो. वहिनींना आनंदानं रडू आलं आणि तुमची झोप उडाली. तुम्ही विचारलं की ह्याला करिअर म्हणायचं का, पगार किती, वावर कोण पाहीन, आणि 'सर तुम्ही त्याले समजावून सांगा.' कोणत्या बाजूनं समजावून सांगू ते मात्र लिहिलं नाही, म्हणजे तुमचंही अजून ठरलं नाही असं मी धरतो.

पहिले माझं सांगतो. मी तुमच्या मंडळीतला (चर्चच्या समाजातला) नाही, आमच्या घरी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना चालते. पण नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्याच्या गावी चार वर्षं भाड्यानं राहिलो, समोरच पाळकसाहेबांचं घर. तोपर्यंत मला वाटायचं की पाळक म्हणजे रविवारी दोन तास काम आणि सहा दिवस सुट्टी, हसू नका, अर्ध्या गावाला तसंच वाटते. तर हा माणूस पहाटे पाचला ओसरीवर लाईट लावून बसायचा, मांडीवर किराणा दुकानात असते तशी लाल कापडाची लांब चोपडी. मला वाटलं हिशोब लिहून राहिले. एक दिवस चहाला बोलावलं तेव्हा पाहिली. एकेका वाराला एकेक गल्ली, गल्लीतली घरं, घरातली माणसं, नावासमोर दोन-तीन शब्द. डोळ्याचं ऑपरेशन. पोरगी बाळंतपणाला आली. कापूस घरातच पडून. दारू परत सुरू. पुण्याला कंपनीत गेला, फोन नाही. गाव सोडून गेलेल्याचंही नाव खोडलेलं नव्हतं. एकेक नाव घेऊन थांबायचे, मग प्रार्थना, मग पुढचं नाव. सोमवारच्या पानावर सगळ्यात वर एक नाव होतं त्याच्यासमोर काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून विचारलं. तर म्हणे, हे कमिटीत माझ्याविरुद्ध अर्ज करणारे साहेब, त्यांचं नाव पहिले घेतो, मागं ठेवलं तर राहून जाते.

मी ह्याला करिअर म्हणतो भाऊ. पण ह्यातलं मेन काम कोणाला दिसत नाही आणि त्याचा पगारही कोणी मोजत नाही, तुमचा प्रॉब्लेम तिथंच आहे.

बाकी जे दिसते ते पण ऐका. आपल्याकडे वेचणीच्या दिवसात रविवारी सकाळी माणूस चर्चला नाही वावरात असते, मग उपासना संध्याकाळी घ्या, घरभेटी रात्री आठनंतर करा, कारण त्याच्या पहिले घरी कोणी सापडत नाही. कोणाच्या घरी शेतकऱ्यानं जीव दिला की दहा-पंधरा दिवस सगळे येतात, लिडर येतात, फोटोवाले येतात, मग कोणी येत नाही. शासनाची एक लाखाची मदत मिळवायला तिसऱ्या महिन्यात त्या बाईला तहसीलमध्ये कागद घेऊन उभं राहावं लागते, तेव्हा सोबत कोण? त्या गावी मी पाळकसाहेबांना तहसीलच्या बाकावर बसलेलं कितीकदा पाहिलं, आणि ती बाई दर वेळी त्यांच्या मंडळीतलीच असायची असंही नाही. तुमच्या शास्त्रात मेंढपाळ आपल्या मेंढराला नावानं हाक मारतो असं आहे ना, योहानाच्या शुभवर्तमानात. आपल्याकडे धनगर वावरात मेंढ्या बसवतात तेव्हा तुम्ही पाहिलंच असन, तो रात्री घरी जात नाही, त्यांच्यातच घोंगडी टाकून झोपते.

आता माझी चूक सांगतो म्हणजे तुमच्या पोराच्या बाबतीत होणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आला होता, बारावी झालेला, गाणं मस्त, भाषण त्याच्याहून मस्त, वक्तृत्वाची सर्टिफिकेटं फाईलभर. मी सर्टिफिकेटं पाहिली आणि जा म्हटलं बिनधास्त. दुसऱ्या वर्षी परत आला. अभ्यास जड गेला नव्हता, त्याला माईक आवडत होता, माणसं नाही. पेशंटजवळ अर्धा तास बसायचं म्हटलं की जीव वर-खाली व्हायचा. पोरगा वाईट नव्हता, आज त्याचं चांगलं चालू आहे, पण दोन वर्षं गेली ती मी नीट विचारलं नाही म्हणून.

म्हणून सांगतो, बी.एससी. सोडू देऊ नका. ह्याच्यात तडजोड नको. ग्रॅज्युएशन झालं की तो बी.डी.ला (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, धर्मशास्त्राची डिग्री) जाऊ शकते, चार वर्षांचा कोर्स असते, बारावीवर बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) करण्यापेक्षा ह्याला वजन आहे. कॉलेज पाहताना एकच प्रश्न पहिले विचारा, डिग्री कोणाची. सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची (धर्मशास्त्राच्या डिग्र्या देणारं मंडळ) असन तर बरं, ते बंगालमधलं कॉलेज १८१८ चं आहे आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून त्याला डिग्री द्यायचा अधिकार मिळाला, मेन लाईनच्या, म्हणजे जुन्या मोठ्या चर्चमध्ये ती डिग्री चालते. नाहीतर भाड्याच्या दोन खोल्यांत बोर्ड लावून सहा महिन्यांत 'डॉक्टर' करून देणारेही फिरून राहिले, त्यांच्या नादी लागू नका. गंमत अशी की पुण्याच्या बिबवेवाडीत जी युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे ती १९५३ साली सुरू झाली आपल्या यवतमाळात, पुण्याला गेली १९८३ मध्ये. यवतमाळातच राहिली असती तर तुमचं पोरगं दारव्ह्यावरून एसटीनं डबा घेऊन गेलं असतं.

तुमचं चर्च कोणतं ते तुम्ही लिहिलं नाही आणि ह्याच्यावर फार अवलंबून आहे. सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं असन (ते चर्च बनलंच आपल्या नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० ला) तर परस्पर ॲडमिशन घेऊ नका, पहिले पाळकसाहेब आणि पास्टोरेट कमिटी (आपल्या चर्चची कमिटी), मग डायसिस (बिशपच्या हाताखालचा विभाग). शिफारस मिळाली तर फीला हातभार लागू शकते आणि पुढं पोस्टिंगही तिथूनच. मग आधी डिकन (पाळकाच्या खालची पायरी), मग दीक्षा घेऊन प्रेस्बिटर (पूर्ण पाळक). पगार डायसिसच्या स्केलनं, राहायला घर, आणि बदली. बदली आली की तुमचं पाच एकर त्याच्याकडून होणार नाही हे आजच मनाला सांगून ठेवा. स्वतंत्र मंडळी असन तर गावात राहता येईन पण पगार मंडळीच्या दशमांशावर (कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देतात त्याच्यावर), आणि मंडळी म्हणजे कोण, तुमच्यासारखेच कापूस-सोयाबीनवाले. बोंडअळी आली की पाळकाच्या ताटातही येते. हार्वेस्टच्या, म्हणजे पिकातला वाटा चर्चला वाहायच्या रविवारी वीस रुपयाचा भोपळा लिलावात दोनशेला घेणारे लोक असतात, पण तो दिवस वर्षातून एकदा.

म्हणून दुसरं हुनर हातात पाहिजे. तुमच्या बायबलातल्या प्रेषित पौलानं करिंथात तंबू शिवून पोट भरलं आणि थेस्सलनीकच्या लोकांना लिहिलं की तुमच्यावर भार नको म्हणून रात्रंदिवस काम केलं. पोरगं बी.एससी. आहे, बी.एड. करू शकते, समाजकार्याची आवड असन तर एमएसडब्ल्यू करू शकते. बी.डी. आणि दीक्षा झाल्यावर सैन्यातही जागा निघतात, धर्मगुरू म्हणून पंडित, ग्रंथी, मौलवी घेतात तसे पाद्रीही घेतात, नायब सुभेदार म्हणून लागतात. मोठ्या मिशन हॉस्पिटलात चॅप्लन (पेशंटला धीर देणारे पाळक) असतात, वेल्लोरच्या सीएमसीसारख्या ठिकाणी ते पूर्ण वेळ काम आहे. हे सगळं त्याला आजच सांगायची घाई नाही, तुम्हाला झोप यावी म्हणून सांगून राहिलो.

आता ह्या वर्षी काय करायचं. कॉलेज चालू, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळ पाळकसाहेबांच्या मागं. प्रवचन द्यायला नाही, घरभेटीला. वर्षभर स्टेजवर चढायचं नाही असं साहेबांनाच सांगून ठेवा. एक वही घ्यायला लावा, दहा घरं वाटून द्यायला सांगा, त्यांची रोज नावानं प्रार्थना आणि महिन्यातून एकदा दारात. पौल तुरुंगात बसून फिलिप्पैच्या मंडळीला लिहिते की तुमची आठवण आली की मी देवाचे आभार मानतो, तुम्ही माझ्या काळजात आहात. स्वतः साखळीत आणि काळजी दुसऱ्याची. पुढच्या नाताळपर्यंत दहा घरांतली आठ त्यानं सोडून दिली असतील तर त्याला त्याचंच समजून जाईन, तुम्हाला भांडायची गरज पडणार नाही. आणि दहाची पंधरा झाली असतील तर मग मला फोन करा, फॉर्म आपण बसून भरू.

आणखी एक. पत्राच्या शेवटी शाईचा रंग बदलून तुम्ही एक ओळ लिहिली, की मागच्या महिन्यात पोरगं पाळकसाहेबांसोबत यवतमाळच्या दवाखान्यात रात्रभर बसलं, 'आपल्या ना नात्याच्या ना गोत्याच्या माणसाजवळ, अन् सकाळी तसंच पेपरले गेलं.' तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलं. पूर्ण पत्रात माझ्या कामाची तेवढीच ओळ होती. पगाराचं, वावराचं बोलणं त्याच्याशी नंतर करा. त्या रात्री तिथं काय झालं ते पहिले विचारा, कारण पत्रावरून असं वाटते की तुम्ही ते अजून विचारलंच नाही.